चहाची पारख

कल्याणच्या बाजारात सुटा चहा विकणाऱ्या एखाद्या दुकानापुढे तुम्ही उभे आहात असे समजा. समोर डबे उघडे मांडले आहेत. एकात काळसर बारीक पूड, दुसऱ्यात मोहरीएवढे गोल दाणे, तिसऱ्यात त्याहून जरा टपोरे, आणि चौथ्यात लांबट, वळलेली, वाळक्या पानासारखी दिसणारी पत्ती. फळीवर पिशव्यांच्या चहाची खोकी. प्रत्येकाचा भाव निराळा. दुकानदार विचारतो, "काय देऊ?" आणि आपण म्हणतो, "द्या हो, चांगला असेल तो."

झाले! त्या क्षणी आपण आपली जीभ, आपले नाक आणि आपले पैसे, तिन्ही दुकानदाराच्या हवाली केले. तांदूळ घेताना आपण असे करीत नाही. मूठभर तांदूळ तळहातावर घेतो, नवा की जुना ते विचारतो, एक दाणा दाताखाली फोडून बघतो. आंबा तर नाकाला लावल्याशिवाय कोणी घेणारच नाही. मग दिवसातून दोनदा-तीनदा जी वस्तू पोटात जाते तिचीच पारख आपल्याला का असू नये? ही पारख अवघड नाही. घरातल्या दोन-तीन कपांवर आणि एका घड्याळावर ती शिकता येते. मी अर्थशास्त्र शिकवतो, रसायनशास्त्र नव्हे, म्हणून शास्त्राचे जेवढे लागेल तेवढेच सांगेन.

पहिली गोष्ट ही की, काळा चहा, हिरवा चहा, पत्ती, दाणा, पूड, पिशवी ही सगळी एकाच झाडाची लेकरे. कॅमेलिया सायनेन्सिस असे त्या झाडाचे शास्त्रीय नाव. त्याच्या दोन मुख्य जाती, एक लहान पानाची चिनी आणि दुसरी रुंद पानाची आसामी. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर त्याचे काय करतात त्यामुळे. वांगे चिरून ताटलीत ठेवले की घटकाभरात फोडी काळ्या पडतात, हे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक आहे. म्हणून तर त्या फोडी पाण्यात टाकतात. चहाच्या पानाचे तेच होते. पान कोमेजवून मळले की त्यातला रस हवेला लागतो, आणि हिरवे पान तांबूस, मग काळसर होते. पुढे ते गरम हवेने वाळवतात. तो काळा चहा. पण पान खुडल्याबरोबर त्याला वाफ दिली किंवा तापल्या कढईत परतले, तर ती काळे पडण्याची क्रियाच थांबते आणि पान हिरवे राहते. तो हिरवा चहा. चहाच्या धंद्यात या काळे पडण्याला 'आंबवणे' म्हणतात खरे, पण इडलीच्या पिठासारखे त्यात काही आंबत नाही. शब्द रूढ झाला आहे, एवढेच.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्या परसात विहिरीच्या ओलीवर जो गवती चहा वाढतो, त्याचा या झाडाशी काडीचा संबंध नाही. ते वासाचे गवत. पावसाळ्यात त्याची दोन पाती आधणात पडली की घर दरवळते, हे खरेच. पण त्यात चहाची तरतरी नाही, कारण ती आणणारे कॅफिन त्यात नाही. 'हिरवा चहा' म्हणून कोणी गवती चहा सांगितला, तर गुरुजींनी मुलांना हा फरक जरूर दाखवावा.

आता दाणा आणि पत्ती यांतला भेद. हाच सगळ्यांत महत्त्वाचा, कारण चहा करण्याची रीत यावरच ठरते. जुन्या पद्धतीत पान नुसते वळीत, पिळीत. त्यामुळे ते बरेचसे अखंड राही आणि पाण्यात हळूहळू उलगडे. १९३० साली आसामातल्या आमगुरी मळ्यावर मॅककर्चर नावाच्या व्यवस्थापकाने एक नवे यंत्र चालवले. दातेरी रुळांच्या जोडीतून पान गेले की ते चिरडते, फाटते आणि गोळीसारखे वळते. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या चहाला सी.टी.सी. म्हणतात, व्यापाऱ्यांच्या तोंडी तोच 'मामरी'. पानाचा असा चुरा झाला की त्याचा अर्क पाण्यात भराभर उतरतो, रंग गडद येतो, आणि थोड्या चहात पुष्कळ कप होतात. आज आपल्या देशात होणारा बहुतेक चहा याच पद्धतीचा आहे आणि ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या टपऱ्यांवर जे पातेले रटरटत असते त्यातही हाच.

आपली उकळण्याची रीत कुठून आली, हेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात चहा ही बाहेरून आलेली चीज. आसामातला चहा १८३९ च्या जानेवारीत लंडनला लिलावात विकला गेला, आणि पुढे कितीतरी वर्षे मळेवाल्यांचे लक्ष परदेशी गिऱ्हाइकाकडेच होते. आपल्याकडे १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, तेव्हा गाडी होती पण स्टेशनवर चहावाला नव्हता. परदेशी बाजार मंदावला, तेव्हा मळेवाल्यांना देशातल्या माणसांची आठवण झाली. १९३० नंतरच्या दशकात गावोगाव फुकट चहा पाजण्याची मोहीम निघाली. चहा कसा करावा याच्या सूचना पाट्यांवर झळकल्या. सूचना अशी की, ताजे पाणी खळखळ उकळा, ते किटलीतल्या चहावर ओता, पाच मिनिटे झाकून ठेवा, मग दूध-साखर घाला. आपल्या लोकांनी सूचना वाचली आणि आपल्या मनाला येईल तेच केले! चहा, दूध, साखर, आले सगळे एका पातेल्यात घालून उकळले. प्रचारकांना ते मुळीच आवडले नाही. परंतु दाणेदार चहा स्वस्त होऊन घरोघर पोचला, तेव्हा आपलीच रीत त्याला चपखल बसली. या चहाला दूध सोसते, उकळी सोसते. म्हणून 'चहा उकळणे म्हणजे अडाणीपणा' असे कोणी शहाणा सांगू लागला, तर त्याचे ऐकू नका. पण त्याच पातेल्यात दार्जिलिंगची पत्ती टाकून दहा मिनिटे उकळली, तर मात्र ती महाग पत्ती वाया गेली म्हणून समजा.

मग पारख कशी करायची? चहाचे धंदेवाईक परीक्षक करतात तशी, फक्त घरगुती साहित्यावर. त्यांची जी आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धत आहे, तीत शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे असा हिशेब आहे. घरी सारख्या मापाचे तीन पांढरे कप घ्या. पांढरेच हवेत, नाहीतर रंग कळत नाही. दोन ग्रॅम म्हणजे दाणेदार चहाचा अंदाजे एक सपाट चमचा. पत्ती हलकी असते म्हणून तिचा चमचा चांगला शिगोशीग भरावा. शाळेत तराजू असेल तर तोलूनच घ्या. तीन कपांत तीन जातींचा चहा घाला, उकळते पाणी ओता, वर बशी झाका, आणि सहा मिनिटांनी तिन्ही एकाच वेळी गाळा. दूध नाही, साखर नाही. पाणी तेच, वजन तेच, वेळ तोच. बदल फक्त चहाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा प्रयोगाचा पहिला नियम मुलांना शिकवायला याहून सोपे साधन मला तरी माहीत नाही.

आधी गाळलेला चोथा बघा. पत्ती उलगडून पानाचा आकार दिसू लागला आहे का? त्यात काड्या किती आहेत? तो ताजा तांबूस दिसतो की मेलेला, काळपट? मग चोथ्याचा वास घ्या. अर्कापेक्षा चोथ्याला अधिक वास येतो. मग रंग. चांगल्या चहाचा रंग गडद असो वा फिका, त्यात चमक असते. गढूळ आणि निस्तेज असेल तर मनात शंका धरावी. आणि शेवटी घोट. तो आवाज करीत, भुरका मारून घ्यायचा. परीक्षक असाच घेतात, कारण भुरक्याबरोबर हवा जाते, चहा तोंडभर पसरतो आणि वास मागच्या मागे नाकात चढतो. बशीत ओतून फुर्र करणाऱ्या आपल्या आजोबांना घरातल्या सुनांनी निष्कारण नावे ठेवली!

चवीसाठी शब्द आपल्यापाशी तयार आहेत. कडू आणि तुरट यांची गल्लत करू नका. कारल्याचा तो कडूपणा. आवळा किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर जीभ आवळून येते, तो तुरटपणा. चांगल्या चहात तुरटपणा हवा, त्यानेच तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटते. तो अति झाला की घशाला धरतो. आसामचा चहा अंगाने दाट, भाजलेल्या धान्याच्या वासाचा. निलगिरीचा उजळ, सुवासिक. दार्जिलिंगचा अंगाने हलका, पण वासाने राजा. मे-जूनच्या तोडीतल्या उत्तम पत्तीला पिकल्या द्राक्षाची आठवण देणारा वास असतो. भौगोलिक निर्देशनाचा हक्क मिळालेली भारतातली पहिली वस्तू म्हणजे हाच दार्जिलिंग चहा, २००४ सालची गोष्ट. म्हणून खोक्यावर नुसते नाव असून भागत नाही, त्याची अधिकृत खूणही शोधावी.

ही परीक्षा झाली की एक गंमत करून पाहा. तिन्ही कपांत चमचा-चमचा दूध घाला. आसामी दाण्याचा चहा दुधात सोनेरी-तांबूस होईल आणि त्याची चव टिकून राहील. पत्तीचा वास मात्र दुधाखाली गाडला जाईल. दुधातली प्रथिने चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात; म्हणून दुधाचा चहा जिभेला मऊ लागतो. दाण्याला ही तडजोड फायद्याची, पत्तीला तोट्याची. म्हणजेच रोज दुधाचा उकळलेला चहा पिणाऱ्या घराने महागडी पत्ती घेण्यात काही अर्थ नाही. मध्यम भावाचा, स्वच्छ, टपोरा दाणा घ्यावा आणि नीट करावा.

नीट म्हणजे कसा? आधणात आधी आले ठेचून घालून त्याला खळखळून उकळू द्यावे. कच्च्या आल्यात दूध नासवणारा एक अंश असतो, तो उकळीने निष्प्रभ होतो. 'आले घातले की आमचे दूध फाटते' ही तक्रार निम्म्या वेळा आले मागाहून घातल्याने येते. मग साखर, मग चहा. दोन-तीन मिनिटे उकळी. मग दूध, आणि एक-दोन उकळ्या आल्या की उतरावे. त्यापुढे रटरट करीत ठेवला तर रंग चढतो, पण वास वाफेबरोबर उडून जातो आणि कडवटपणा मागे उरतो. कालच्या चोथ्यात नवी पूड घालून उकळणे हा काटकसरीचा भास आहे. त्यातून नुसता रंग येतो.

पत्तीला आधणात उकळू नका. किटली किंवा झाकणाचे भांडे गरम पाण्याने विसळून घ्या, पत्ती घाला, उकळीचे पाणी ओता, तीन ते पाच मिनिटे झाका, गाळा. हिरव्या चहाला मात्र उकळते पाणीही चालत नाही. आच बंद करून चार-पाच मिनिटे थांबा, पाणी ऐंशी अंशांच्या आसपास येऊ द्या, मग ओता आणि दोन मिनिटांत गाळा. 'हिरवा चहा म्हणजे कडू काढा' असे म्हणणारे बहुतेक लोक तो उकळून पितात.

आता पिशवीचा चहा. कचेऱ्यांत, सभा-संमेलनांत, आणि ठाण्याच्या नव्या वस्त्यांतल्या घरांत हा शिरला आहे. न्यूयॉर्कच्या सलिव्हन नावाच्या व्यापाऱ्याने १९०८ च्या सुमारास रेशमी पिशव्यांतून चहाचे नमुने पाठवले आणि गिऱ्हाइकांनी ते पिशवीसकट पाण्यात बुडवले, अशी एक कथा सांगतात. पण त्याआधीच, १९०१ साली, अमेरिकेतल्या मिलवॉकी गावच्या दोन स्त्रियांनी अशा पिशवीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि १९०३ साली त्यांना ते मिळाले. पिशवीत काय असते? एकदा कात्रीने कापून ताटलीत ओता आणि बघा. साध्या पिशवीत पत्तीची चाळण होताना खाली पडलेली कणी आणि पूड असते. ती वाईटच असते असे नव्हे. झटपट उतरण्यासाठी बारीकच लागते. पण बारीक माल हवेने लवकर विटतो, म्हणून उघडी पडलेली खोकी महिनोन् महिने पुरवू नयेत.

हिशेबही करा. पंचवीस पिशव्यांच्या खोक्यात साधारणपणे दोन ग्रॅमची एक पिशवी, म्हणजे अवघा पन्नास ग्रॅम चहा. किलोभर चहाला अशी वीस खोकी लागतील. खोक्याच्या किमतीला विसाने गुणा आणि त्याच कंपनीच्या सुट्या चहाच्या किलोच्या भावाशी ताडून पाहा. पाचवी-सहावीच्या वर्गाला हे गणित द्या. मुले घरी जाऊन खोकी शोधतील. आपण पैसे सोयीचे देतो. एकटा माणूस, एक कप, गाळणे धुण्याचा खटाटोप नको, ही सोय खरीच आहे. मात्र तिचा भाव ठाऊक असावा.

आणि पिशवी बहुतेक ठिकाणी चुकीची वापरली जाते. थर्मासमधले कोमट पाणी कपात ओतलेले, त्यात पिशवी चार वेळा खालीवर केलेली, की झाला चहा! पिशवीही चहाच आहे. तिला उकळीचे पाणी लागते आणि वेळ लागतो. आधी कपात पिशवी, मग तिच्यावर पाणी, वर बशी, तीन-चार मिनिटे. मग पिशवी न पिळता काढावी. पिळली की कडवट अंश उतरतो. दूध त्यानंतर. दुधात पिशवी बुडवली तर अर्क नीट सुटत नाही. पिशवीला लोखंडी पिन टोचलेली नसावी. अशी पिन पोटात जाण्याचा धोका ओळखून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिच्यावर बंदी घातली आहे. रेशमासारख्या झुळझुळीत, त्रिकोणी पिशव्या पुष्कळदा प्लॅस्टिकच्या धाग्याच्या असतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली अशा पिशव्या गरम पाण्यात ठेवून पाहिल्या, तेव्हा एकेका पिशवीतून अब्जावधी सूक्ष्म कण सुटल्याचे त्यांना आढळले. आम्ही घरी तरी कागदीच आणतो.

इतके करूनही चहा साधला नाही तर पाण्याकडे पाहावे. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचे पाणी येते. तेच चहाचे पुडके मुरबाड-शहापूरकडच्या नातेवाइकांकडे नेले आणि तिथे बोअरवेलचे पाणी वापरले, तर चहा काळपट होतो आणि वर तेलकटसा तवंग येतो. दोष पुडक्याचा नाही. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात आणि घरात ज्याला जड पाणी म्हणतात, ज्यात डाळ शिजत नाही आणि साबण फेसत नाही, त्यातल्या क्षारांचा हा परिणाम. कोऱ्या चहात लिंबाचे दोन थेंब पिळले की तवंग जातो. दुधाच्या चहासाठी पावसाचे साठवलेले किंवा नदीचे पाणी मिळाले तर ते गाळून, उकळून वापरावे.

भेसळीचे सांगितल्याशिवाय सुट्या चहाची गोष्ट पुरी होत नाही. हॉटेलातला वापरलेला चोथा वाळवून, त्याला रंग देऊन पुन्हा विकण्याचे प्रकार होतात. टीपकागद ओला करून त्यावर चिमूटभर चहा पसरा. थोड्या वेळाने चहा झटकून कागद नळाखाली धुवा आणि उजेडाकडे धरा. रंग दिलेल्या चहाचे गडद डाग राहतात. शुद्ध चहाचा डाग नसतो किंवा अगदी पुसट असतो. दुसरे, थंड पाण्याच्या पेल्यात चिमूटभर टाका. पाण्याला लगेच रंगाच्या धारा सुटल्या तर माल संशयास्पद. खरा चहा थंड पाण्यात सावकाश रंग सोडतो. तिसरे, कोरड्या चहावरून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचा कीस असेल तर चिकटून येतो. या तिन्ही परीक्षा वर्गात होण्यासारख्या आहेत. संशय पक्का झाला तर दुकानदाराशी भांडत बसू नये. पावती आणि नमुना जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार द्यावी. सुट्या चहाचीही पावती मागायची असते, ती एवढ्याचसाठी.

शेवटचा मुद्दा शिक्षकांसाठी आणि आयांसाठी आहे. सकाळी चहात चपाती बुडवून खाऊन शाळेला येणारी मुले तुमच्या वर्गात असतील. चहातली तुरट द्रव्ये अन्नातले लोह धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. मांस-मासळीतल्या नव्हे, तर भाजी-भाकरीतल्या लोहावर याचा परिणाम विशेष होतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे पंडुरोग, आढळला. याला कारणे पुष्कळ आहेत, चहा एकटा नव्हे. पण चहाची वेळ बदलायला पैसा लागत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२४ साली दिलेला सल्ला असा की, जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा घेऊ नये. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची जी गोळी देतात, तीही चहाबरोबर घेऊ देऊ नका. मुलांनी ती जेवणानंतर साध्या पाण्याने घ्यावी, आणि घरी गेल्यावर आईने चहा पुढे केला तर 'अजून तास झाला नाही' असे सांगावे.